सासूबाईंचा अंगठा

दार उघडताच तिला नव्या साबणाचा वास आला. दुधाळ, गोडसर, त्यांच्या घरात याआधी कधीच न आलेला. चपला काढता काढता तिने नाक वर केलं आणि मग जेवणाच्या टेबलावर नजर गेली.

टेबलावर पिवळी पेटी होती. पुठ्ठ्याची, चांगली ऐसपैस. झाकणावरून खाली येणारी कागदी पट्टी मधोमध फाडलेली, आणि पट्टीवर छापलेल्या हसऱ्या बाळाचे दोन तुकडे झालेले. एका तुकड्यावर डोळे, दुसऱ्यावर हसू.

तिच्या हातातली पिशवी खाली गेली ती तिला कळलीसुद्धा नाही.

"आलीस का!" न्हाणीघरातून सासूबाईंचा आवाज आला. आवाज आनंदाने नुसता उतू जात होता. "ये ये, अशीच आत ये. तुझी लेक बघ कशी लोण्याचा गोळा झालीय!"

सासूबाई खाली स्टुलावर बसल्या होत्या, साडीचा पदर खोचून. त्यांच्या मांडीवर फेसात माखलेली पिटुकली. अजून वर्षाचीही झाली नव्हती, पण पाणी उडवण्यात हातखंडा होता. बाजूला साबणाचा नवाकोरा, पिवळसर तुकडा.

"आई, ही पेटी कुठून आली?"

"कुठून आली म्हणे!" सासूबाई हसल्या. "सरकारनं पाठवली. अगं, पोटात गोड बातमी घेऊन गावभर हिंडतेस आणि घरातल्या म्हातारीला पत्ता नाही? घरभेटीची नर्स आली होती दुपारी. दारातच म्हणाली, अभिनंदन आजी, दुसरं येतंय! मी म्हटलं, कुणाचं? तर म्हणे, तुमच्याच सुनेचं. मी बाई दाराला धरून उभी राहिले."

तीही आता दाराला धरूनच उभी होती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती सरकारी दवाखान्यात गेली होती. कुणाला न सांगता. चष्म्यांच्या कारखान्यात तिचं काम काचा घासून फ्रेमच्या मापात बसवण्याचं. काच जराशी जास्त घासली गेली तरी वाया जाते, म्हणून तिचा हात सावध आणि नजर त्याहून सावध. पण गेला आठवडाभर तिच्या हातून काचा फुटत होत्या. पाळी चुकली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या, पण त्यांनी नीट ऐकून घेतलं होतं. ती म्हणाली होती, मला हे नकोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, गुरुवारी सकाळी या, आत्ता लवकर आहे, गोळ्यांनी होईल, इथे पैसे पडत नाहीत. तिने विचारलं होतं, घरी कळेल का? त्यांनी मान हलवली होती. नाही कळणार.

आज बुधवार.

"तुम्ही घेतली पेटी?" तिने विचारलं.

"मग काय परत पाठवू? नर्सबाईंनी मशीन पुढे केलं, मी अंगठा लावला. टुंग वाजलं. लगेच पेटी हातात! साबण, तेल, टोपडं, ताकदीच्या गोळ्या, टॉवेल तर असा मऊ... म्हटलं, येणाऱ्याचा मुहूर्त लागेल तेव्हा लागेल, आलेलीला तर न्हाऊ घालू." त्यांनी पिटुकलीच्या डोक्यावर तांब्या रिकामा केला. पिटुकली किंचाळून हसली. "आणि तू अशी भुतासारखी का उभी? बस. चक्कर येतेय का? मला तर तुझा नवरा पोटात होता तेव्हा पाचव्या महिन्यापर्यंत..."

"त्याला सांगितलंत?"

"लगेच फोन केला! लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता, आवाज घुमत होता नुसता. दोनदा सांगावं लागलं पठ्ठ्याला. नणंदबाईलाही सांगितलं तुझ्या. ती म्हणते, वन्सं, ह्या खेपेला मी येते बाळंतपणाला."

सासूबाई कुणाचं बोलणं सांगताना नेहमी अशीच नाती उलटीपालटी करत. एरवी ती हसली असती. आज तिला एवढंच ऐकू आलं की बाळंतपणाला कोण येणार हेसुद्धा ठरलं. तिच्या पोटातली गोष्ट दुपारभर गावात फिरून, जेवून, हात धुऊन आली होती आणि ती स्वतः इकडे कारखान्यात काचा घासत बसली होती.

*

नवरा आला तो हसतच. हाताला ग्रीस, खिशात मोठा स्क्रू ड्रायव्हर, चेहऱ्यावर शाळेचा निकाल लागल्यासारखा भाव. त्याने आईकडे बघितलं, पेटीकडे बघितलं आणि मग तिच्याकडे. हसू तिथेच थांबलं. ह्या माणसाचं एक बरं होतं, त्याला चेहरे वाचता येत. बंद लिफ्टच्या दाराला कान लावून बिघाड ओळखणारा माणूस तो.

"गॅलरीत चल," तो हळूच म्हणाला.

गॅलरीच्या दाराला वर, हात उंचावून काढावी लागेल अशी कडी होती. त्याने ती काढली. बाहेर कपडे वाळत होते. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायची पराकाष्ठा करत होतं.

"खरंय?" त्याने विचारलं.

"खरंय. सोमवारी कळलं. उद्या सकाळी मी जाणार होते. म्हणजे... हे नकोय म्हणून."

ओला बनियन चिमटीत धरून त्याने तो विनाकारण सरळ केला.

"तू ठरवलंससुद्धा?"

"हो."

"मला न विचारता?"

"सांगणार होते."

"कधी? झाल्यावर?" त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मी नाही म्हटलं असतं असं वाटलं तुला? असा आहे का मी?"

"तू हो म्हणाला असतास रे. मला माहितीय." "पण तू हो म्हणेपर्यंत मला तुझ्या तोंडाकडे बघत बसावं लागलं असतं. तेवढंसुद्धा बळ नव्हतं. मागच्या वेळी काय झालं होतं मला, आठवतंय ना?"

त्याला आठवत होतं, पण अर्धंच. पिटुकलीच्या जन्मानंतर ती झोपत नसे. बाळ रडलं की तिला वाटे, आपल्याला ह्या घरातून, ह्या अंगातून बाहेर पडायला पाहिजे. ह्याच गॅलरीत ती कठड्याला हात लावून उभी राहायची आणि खाली बघायची. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला वाटे, बायको वारा खायला जाते. मग हळूहळू ते मळभ उतरलं. दोन महिन्यांपूर्वी ती कामावर परत गेली, आणि पहिल्या दिवशी काच फ्रेममध्ये अचूक बसल्याचा बारीक आवाज ऐकून तिला रडू आलं होतं. मी परत आले, असं वाटलं होतं.

"पुन्हा तसं झालं तर मी ह्या वेळी वर येणार नाही," ती म्हणाली.

स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली.

"मला राग आलाय," तो शेवटी म्हणाला. "खोटं नाही सांगत. पण उद्या मी येतो तुझ्याबरोबर. आईला काय सांगायचं?"

"उद्याचं होऊ दे, मग बघू."

आतून सासूबाई पिटुकलीला टोपडं घालत म्हणत होत्या, "हे बघ, हे तुझ्या भावाचं आहे हं. उधारीवर घाल."

*

दवाखान्याच्या खिडकीमागे बसलेल्या कारकूनबाईंनी तिचा नंबर मशीनमध्ये घातला, पडद्याकडे बघितलं आणि गोड हसल्या.

"प्रसूतीची नोंद झालीय तुमची. अभिनंदन. तपासणी पुढच्या महिन्यात. आज कशाला आलात?"

"मला डॉक्टरांनी बोलावलंय. गर्भपातासाठी."

हसू मावळलं. कारकूनबाईंनी पुन्हा पडद्याकडे बघितलं, जणू तो खोटं बोलणार नाही. "असं कसं? पेटी पोचलीय तुमच्याकडे. अंगठा लागलाय."

"माझा नाही लागला."

"घरातल्या मोठ्या माणसाचा लागतो. तुमचा कशाला लागेल?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच पाहत होता, तोंड थोडं उघडं. तिला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. तिने पुन्हा विचारलं. कारकूनबाईंनी पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सांगतात तसं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत घेतलं आणि दार लावलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी तुमचं वेगळं लिहिलं होतं हो," त्या म्हणाल्या. "पण खाली जिथे तपासणी होते, तिथूनच बातमी परस्पर नर्सकडे जाते. गेल्या महिन्यापर्यंत असं नव्हतं. बाईच्या उपचाराचा पैसा वेगळा यायचा. ठेवायचं असो, नसो, आम्ही करायचो. आता सरकारनं सगळा पैसा ह्या पेटीच्या योजनेत घातलाय. पेटी घरात गेली की तुमच्या नावाचा पैसा प्रसूतीसाठी राखून ठेवला जातो. मी आज तुम्हाला गोळ्या द्यायच्या म्हटल्या, तरी इथल्या औषधांच्या कपाटाचं कुलूपसुद्धा उघडणार नाही. ते ह्याच मशीनला जोडलंय."

"म्हणजे कायद्यानं बंदी आहे?" नवऱ्याने विचारलं.

"कायदा तुम्हाला मुळीच अडवत नाही. तुम्ही बाहेर जाऊन करू शकता." बाहेर म्हणजे किती पैसे लागतील ते त्यांनी सांगितलं. नवऱ्याने खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. "आणि थांबू नका. अजून थोडे दिवस गेले की गोळ्यांनी जमणार नाही, मग भूल, शस्त्रक्रिया, सगळंच वाढेल."

"मग इथे काहीच करता येत नाही?"

"येतं. पेटी परत करायची. पट्टी न फाडलेली असेल तर तुम्हीही करू शकता."

तिच्या डोळ्यांसमोर बाळाच्या चेहऱ्याचे दोन तुकडे आले.

"आणि फाडलेली असेल तर?"

डॉक्टरीणबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. त्यांना बोलायची लाज वाटत होती हे तिला दिसलं. "तर ज्यांनी घेतली त्यांनी स्वतः यायचं. नको आहे असं सांगून पुन्हा अंगठा लावायचा. पेटी कोणी घेतली?"

"माझ्या सासूबाईंनी."

"मग त्यांना आणा."

"पोट माझं आहे," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक निघाला की तिलाच नीट ऐकू आला नाही. म्हणून ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने, आणि बाहेरच्या बाकावरच्या बायका दाराकडे बघायला लागल्या. "पोट माझं आहे ना? की साबणाबरोबर तेही त्यांनी घेतलं?"



*

परत येताना नवऱ्याने वाटेत एक तोड काढली. "आईला सांगू, डॉक्टर म्हणाले जिवाला धोका आहे. लगेच येईल. एक चकार शब्द बोलणार नाही."

ती पायऱ्यांवर थांबली. किती सोपं होतं ते. आजारी बाईला सगळे रजा देतात. फक्त उद्यापासून ती ह्या घरात आजारी बाई म्हणून राहिली असती, आणि जे तिने पूर्ण शुद्धीत ठरवलं ते तिच्यावर कोसळलेलं संकट म्हणून सांगितलं गेलं असतं.

"नको," ती म्हणाली. "खरं सांगते. मीच सांगते."

"ती तुला फाडून खाईल."

"खाऊ दे."

सासूबाई शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्या लोकांचे कपडे उसवून पुन्हा शिवून देत, कुणाचे ढगळ कमी कर, कुणाचे आखूड लांब कर. पिटुकली खाली चिंध्यांच्या ढिगात लोळत होती. सून समोर जमिनीवर बसली आणि तिने सांगून टाकलं. एका दमात, धापा टाकत, आगापीछा न बघता. मला हे मूल नकोय. मी सोमवारीच ठरवलंय. आणि आता तुमच्या अंगठ्याशिवाय होत नाही.

यंत्र थांबलं.

"पाडायचं म्हणतेस?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"धडधाकट आहेस. नवरा कमावतो. मी अजून चालतीबोलती आहे. घरात पेटी आलीय. आणि पाडायचं?"

"आई, तू जरा..." नवरा मध्ये बोलला.

"तू गप्प बस! लिफ्ट दुरुस्त कर जाऊन." त्यांनी सुनेवरची नजर हलवली नाही. "मी कालपासून सगळ्यांना फोन करतेय. काय तोंड दाखवू मी?"

सासूबाईंचे डोळे भरून आले होते, आणि त्यांना रडताना तिने ह्या घरात आल्यापासून एकदाच पाहिलं होतं, सासरे गेले तेव्हा. मग त्या उठल्या. तिला वाटलं, आत जातील आणि दार लावून घेतील. पण त्या गॅलरीच्या दाराशी गेल्या आणि वरच्या कडीला हात लावून उभ्या राहिल्या.

"ही कडी कधी लावली मी, आठवतं?"

"पिटुकलीसाठी... ती लहान होती तेव्हा."

"पिटुकली तेव्हा कुशीवरसुद्धा वळत नव्हती."

ती कडी सुनेने रोज काढली होती, रोज लावली होती. चवड्यांवर उभं राहून. त्या दिवसांत तर टाके ओढले जायचे म्हणून तिला हात उंच करताच येत नसे, आणि कडी काढून द्यायला सासूबाईच यायच्या, आणि कपड्यांच्या निमित्ताने गॅलरीत थांबायच्या, प्रत्येक वेळी, तिच्या मागोमाग. तेव्हा तिला त्यांचा राग यायचा. सारखी कसली पाळत, म्हणायची ती मनात.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला डोळे आहेत." सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. "सुतार म्हणाला, एवढी वर कशाला? म्हटलं, लाव मुकाट्यानं."

"मग काही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होते? तू बोलत नव्हतीस." त्या परत येऊन यंत्रावर बसल्या आणि चाकावर हात ठेवला. "हे बघ, मला हे पटलेलं नाही. पटणारही नाही. आठवडाभर मी तुझ्याशी बोलणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. मग म्हणू नकोस की आई घुम्या बसतात. पेटी भर."

*

पेटी भरली खरी, पण साबण थोडा झिजला होता आणि टोपड्याला दह्याचा डाग पडला होता. कारकूनबाईंनी एकेक वस्तू बाहेर काढली. साबणाशी येऊन त्या अडल्या.

"हा वापरलाय."

"वापरलाय," सासूबाई म्हणाल्या. कडेवर पिटुकली होती. "हिचं डोकं धुतलं. परत हवं असेल तर डोकं ठेवून घ्या."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. कारकूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी मशीन पुढे सरकवलं. "आजी, तुम्ही तुमच्या मर्जीनं नोंद रद्द करताय ना? तसं म्हणावं लागतं."

"माझी मर्जी मुळीच नाही."

नवऱ्याने आईचा दंड धरला. कारकूनबाईंनी मशीन अर्ध्यावर मागे ओढलं.

"मला नातवंड हवंय," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज सगळ्या बाकांपर्यंत गेला. "अजून हवंय. पण मी पेटीला अंगठा दिला होता. हिच्या पोटाला दिला नव्हता. मला कुणी सांगितलं असतं की हे दोन्ही एकच आहे, तर मी नर्सला दारातूनच वाटेला लावलं असतं. तिला विचारा काय ते. मला कशाला विचारता?"

"त्यांचं इथे चालत नाही आजी. मर्जी तुमचीच लागते. आहे म्हणा, म्हणजे झालं."

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. रागाने बघितलं, की कशाने, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. मग त्यांनी पिटुकलीला दुसऱ्या कडेवर घेतलं, अंगठा पदराला पुसला आणि म्हणाल्या, "आहे. घ्या. आहे माझी मर्जी." टुंग वाजलं.

तेवढंच. काल पेटी घेताना वाजलं असेल तेवढंच छोटं टुंग. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तरीही ती सुन्न होऊन त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिली, ज्याच्यावर सासूबाईंच्या बोटाचा ओलसर ठसा हळूहळू विरत होता. ह्या बाईने मान दुसरीकडे फिरवली असती, तर? ह्या बाईच्या जागी दुसरी कुणी असती, तर? बाकावर एक अगदी कोवळी मुलगी बसली होती, मांडीवर तशीच पिवळी पेटी घेऊन. बाजूला एक जाड मिशांचा माणूस. मुलगी सासूबाईंकडे टक लावून बघत होती.

सुनेचं नाव पुकारलं गेलं. ती आत निघाली. सासूबाई मागून काही बोलल्या नाहीत, त्यांचा आठवडा सुरू झाला होता. फक्त पिटुकलीचा हात हातात धरून त्यांनी तो हलवला.

आत डॉक्टरीणबाईंनी कपाट उघडलं. ह्या वेळी उघडलं. गोळ्या हातात घेऊन त्या तिच्यासमोर बसल्या.

"देण्याआधी विचारते," त्या म्हणाल्या. "तुमचं नक्की आहे ना?"

तिने मागे वळून पाहिलं. दार बंद होतं. खोलीत दोघींशिवाय कुणीच नव्हतं.

"मला विचारताय?"

"तुम्हालाच."

डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"हो," ती म्हणाली. "माझं नक्की आहे."